नाशिकमधलं पुरुष वंध्यत्वाचं एक क्लिनिक : द्राक्षवाल्याचा सविस्तर अनुभव

आधी गुण देऊन टाकतो. लॅबला आणि डॉक्टरांना पाचपैकी साडेचार, रिसेप्शनला दोन, पार्किंगला शून्य. क्लिनिकचं नाव लिहीत नाही, कारण आमच्या पिंपळगाव-निफाड पट्ट्यातली बरीच जोडपी तिथं जातात आणि नाव आलं की मी कोण हे गावात दुपारपर्यंत कळेल. गंगापूर रोडच्या बाजूला, पहिला मजला, खाली मेडिकल, एवढंच सांगतो. तशा इमारती तिकडं ढीगभर आहेत. पण तिथं काय करतात आणि कसं करतात हे नीट लिहिलं तर तुम्ही जिथं जाल तिथं तेच मागून घेता येईल, म्हणून लांबण लावतोय.

मी द्राक्षबागायतदार. लग्नाला पाचेक वर्षं झाली, मूल नाही. याआधी शहरातल्याच एका मोठ्या दवाखान्यात जात होतो. तिथं पहिल्या दिवसापासून फाईल बायकोच्या नावाची. तिची सोनोग्राफी, तिचे हार्मोन, नळ्यांचा एक्स-रे, मग दुर्बिणीतून तपासणी, मग महिन्याच्या महिन्याला अंडं वाढतंय का ते बघायला एक दिवसाआड चकरा. माझी तपासणी म्हणून त्यांनी चिठ्ठीवर कोपऱ्यावरच्या एका लॅबचं नाव खरडून दिलं. तिथला रिपोर्ट एका ओळीचा: शुक्राणूंचा काउंट ४० मिलियन, हालचाल ६० टक्के, नॉर्मल. तो कागद फाईलच्या तळाशी गेला तो गेलाच. आई सप्तशृंगीला नवस बोलली, तोही सुनेच्या नावानं.

या नव्या क्लिनिकमध्ये पहिला फरक फोनवरच कळला. वीर्यतपासणीची वेळ घ्यायला फोन केला तर लॅबच्या ताईंनी उलट मलाच प्रश्न विचारले. गेल्या तीन महिन्यांत ताप आला होता का, डेंग्यू वगैरे? कुठली औषधं चालू आहेत? शेवटचा संबंध कधी? दोन ते सात दिवसांचं अंतर हवं, त्याहून कमी नको आणि जास्तही नको. आमच्याकडं अशी समजूत आहे की जितके जास्त दिवस राखून ठेवाल तितकं चांगलं. त्यांनी फोनवरच ती मोडून काढली: फार दिवस गेले की आकडा वाढलेला दिसतो, पण त्यात मेलेले आणि मरगळलेले जास्त.

घरून डबीत आणलं तर चालेल का, हे मी विचारलं. चालतं, पण तासाभराच्या आत लॅबमध्ये पोचलं पाहिजे आणि अंगाच्या उबेत राहिलं पाहिजे, असं म्हणाल्या. थंडीचे दिवस. निफाडचा पारा त्या आठवड्यात पेपरात रोज छापून येत होता. पिंपळगावहून निघालो, ओझर ओलांडलं आणि द्वारका सर्कलला अडकलो की तास तिथंच संपतो. शर्टाच्या आत डबी धरून हायवेला गाडी हाणण्यापेक्षा तिथंच जाऊन दिलेलं बरं. लांबून येणाऱ्यांनी हाच विचार करावा.

खोलीबद्दल लिहितो, कारण कुणी लिहीत नाही आणि प्रत्येकाच्या डोक्यात तीच असते. खोली छोटी, फरशी ओली नव्हती, कडी आतून नीट लागत होती. रेक्झिनची बाकडी, वॉश बेसिन, हँडवॉश, टिश्यूचा डबा, भिंतीवर मराठीत सूचना: साबण, तेल, थुंकी लावू नये, डबीच्या आत बोट घालू नये, काही भाग बाहेर सांडला तर न लाजता सांगावं. ही शेवटची ओळ महत्त्वाची. पहिल्या भागातच सगळ्यात जास्त शुक्राणू असतात, तोच सांडला आणि तुम्ही गप्प बसलात तर रिपोर्ट भलताच येणार. बायकोला आत यायचं असेल तर हरकत नव्हती. भिंतीतच एक छोटी दुहेरी खिडकी आहे, आपल्या बाजूनं डबी ठेवायची, बेल दाबायची, पलीकडून लॅबवाले घेतात. डबी हातात धरून वेटिंगमधल्या मावशांसमोरून जायची वेळ येत नाही. या एका खिडकीसाठी मी अर्धा गुण जास्त दिलाय. डबीवर माझं नाव, बायकोचं नाव आणि वेळ लिहिलेली होती, ती त्यांनी मला वाचून दाखवली आणि सही घेतली.

वेळेला महत्त्व का, तर वीर्य सुरुवातीला घट्ट असतं आणि थोड्या वेळानं पातळ होतं. बहुतेकांचं अर्ध्या तासाच्या आत, नाही तर तासात तरी व्हायला हवं. पातळ झाल्याशिवाय मोजता येत नाही आणि फार उशीर झाला तर हालचाल मंदावते. आधीच्या लॅबच्या रिपोर्टवर यातलं काहीही नव्हतं: ना दिल्याची वेळ, ना तपासल्याची, ना किती दिवसांचं अंतर, ना एकूण किती मिली.

मोजणी बघायला मिळेल का म्हणून मी विचारलं. आमच्या धंद्यात माती आणि देठ परीक्षणाचे रिपोर्ट घ्यायची सवय असल्यानं आकडा कुठून आला हे बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. लॅबच्या ताई जरा थबकल्या, मग दुसरं सॅम्पल टेबलावर नव्हतं म्हणून हो म्हणाल्या. जाड काचेची पट्टी, तिच्यावर डोळ्याला जेमतेम दिसतील अशा बारीक रेघांच्या चौकटी. तिला न्यूबॉर चेंबर म्हणतात. थेंब टाकून वर काच ठेवली की चौकटीत नेमकं किती द्रव मावतं हे ठरलेलं असतं. एका हातात माणसं मोजायला वापरतात तसलं टिकटिक यंत्र, डोळा सूक्ष्मदर्शकाला. दोनशे मोजायचे, मग पुन्हा नवा थेंब घेऊन आणखी दोनशे, आणि दोन्ही मोजण्या जुळल्या नाहीत तर पहिल्यापासून. कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये ४० आणि ६० असे गुळगुळीत आकडे कसे आले असतील याचा मला तिथं उभ्या उभ्या अंदाज आला.

पडद्यावरही दाखवलं. मला वाटलं होतं झुंडच्या झुंड पळताना दिसेल. प्रत्यक्षात मोकळी जागाच जास्त. काही जागच्या जागी शेपूट हलवत होते. एक गोल गोल फिरत होता, पुढं काही सरकेना. एकाला दोन शेपट्या. सरळ रेषेत नेटानं निघालेला एखादाच, तो चौकट ओलांडून गेला की मी नकळत मान वळवून बघत होतो.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी. आकारमान २.६ मिली, काउंट मिलीला ६ मिलियन म्हणजे ६० लाख, पुढं जाणारी हालचाल १४ टक्के, नीट आकाराचे १ टक्का. शेजारी जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेतले आकडे छापलेले: आकारमान १.४ मिली, काउंट १६ मिलियन, पुढं जाणारी हालचाल ३० टक्के, नीट आकाराचे ४ टक्के. हे आकडे म्हणजे पास-नापासाची रेघ नाही, हे डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. ज्यांच्या बायकांना वर्षभरात दिवस गेले अशा पुरुषांची तपासणी करून त्यांतल्या सगळ्यात खालच्या पाच टक्क्यांच्या वरची ही मर्यादा ठरवलीय. म्हणजे याच्या खाली असूनही बाप झालेले आहेत, आणि वर असूनही न झालेले आहेत. नीट आकाराचे फक्त चार टक्के असले तरी चालतात हे ऐकून बायको पहिल्यांदा हसली.

त्यांनी जुना कागद खोटा आहे असं म्हटलं नाही. एकाच माणसाचं वीर्य दोन वेळेला वेगवेगळं येतं, म्हणून एका रिपोर्टवर काहीही ठरवायचं नाही, काही आठवड्यांनी दुसरं सॅम्पल द्या, म्हणाले. दिलं. दुसराही तसाच आला, थोडा इकडं-तिकडं. त्यानंतरच पुढची बोलणी झाली. बाहेर आल्यावर बायकोनं जिन्यातच विचारलं, "अहो, मग इतकी वर्षं सुया मलाच का?" वंध्यत्वाच्या साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण असतं, कधी एकट्याचं, कधी दोघांचं मिळून. हा आकडा नवा नाही. आधीच्या दवाखान्याच्या डॉक्टरांनाही तो माहीत असणारच.

डॉक्टर तरुण आहेत, बोलायला शांत, घाई करत नाहीत. त्यांनी आधी उभं करून तपासलं. त्यांच्या टेबलावर मण्यांची एक माळ होती, एका टोकाला वाटाण्याएवढा मणी, दुसऱ्या टोकाचा बराच मोठा, प्रत्येकावर आकडा, १ पासून २५ मिलीपर्यंत. एका हातात अंडकोष, दुसऱ्या हातात माळ, कुठल्या मण्याशी जुळतो ते चाचपून बघायचं. माझा उजवा १५, डावा १२. मग श्वास रोखून पोटाला जोर द्यायला सांगितलं आणि डाव्या बाजूच्या फुगलेल्या शिरा बोटाला लागल्या. व्हेरिकोसील. मोठं आहे, डोळ्यानंही दिसतंय, म्हणाले. संध्याकाळी तिथं जडपणा वाटायचा, मी तो दिवसभर ट्रॅक्टरवर बसण्याच्या खात्यात टाकत होतो. नंतर रक्ताचा प्रवाह दाखवणारी डॉपलर सोनोग्राफी करून घेतली, पण निदान त्या दोन मिनिटांच्या हातानं तपासण्यात झालं होतं. इतक्या वर्षांत तेवढं कुणी केलं नव्हतं.

डावीकडंच का होतं तेही सांगितलं. उजवी शीर तिरकी जाऊन मोठ्या शिरेला मिळते. डावी लांब असते आणि मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते, त्यामुळं रक्त खाली तुंबायला जागा. तुंबलेल्या रक्तानं उष्णता वाढते. वृषणं पोटाबाहेर लोंबती असतात तीच मुळी शरीरापेक्षा दोन ते चार अंश थंड राहावीत म्हणून. शंभरांतल्या साधारण पंधरा पुरुषांना व्हेरिकोसील असतं आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना पोरं होतातही. पण वंध्यत्वासाठी येणाऱ्या पुरुषांत हेच प्रमाण ३५ ते ४० टक्क्यांवर जातं.

शुक्राणू तयार कसे होतात, हे समजावण्यात त्यांनी जो वेळ घालवला तो माझ्या मते फीपेक्षा जास्त किमतीचा. वृषणात बारीक नळ्यांची वेटोळी असतात. नळीच्या कडेला मूळ पेशी. त्या वाढतात, दुभंगतात, मग ४६ गुणसूत्रांची २३ होतात, त्यातून गोल पेशी बनते, मग तिचं डोकं लांबट होतं, डोक्यावर टोपी चढते, शेपूट फुटतं. हे सगळं चालू असताना त्यांना सांभाळणाऱ्या, पोसणाऱ्या वेगळ्या पेशी असतात. १८६५ साली एन्रिको सर्टोली या इटालियन माणसानं त्यांचं वर्णन केलं, म्हणून सर्टोली पेशी. या कामाला साधारण ७४ दिवस लागतात, त्यापुढं बाहेरच्या नळीत पिकायला आणखी काही दिवस. म्हणून आजचं सॅम्पल तीन महिन्यांपूर्वीची गोष्ट सांगतं. द्राक्षवाल्याला हे वेगळं समजवावं लागत नाही: एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीत घड बसतो आणि दिसतो तो ऑक्टोबरच्या छाटणीनंतर, तेव्हा घड का जिरले म्हणून ऑक्टोबरमध्ये औषध शोधण्यात अर्थ नसतो.

या वाटेवर कुठंही अडू शकतं. काहींच्या नळ्यांत मूळ पेशीच नसतात, नुसत्या सर्टोली. काहींचं काम सुरू होतं आणि अर्ध्यावर थांबतं. काहींचं शेवटपर्यंत जातं, पण उत्पादन थोडं. क्वचित डोक्यावरची टोपीच तयार होत नाही, सगळे गोल डोक्याचे निघतात आणि अंड्याच्या आत शिरू शकत नाहीत. काउंट भरपूर असून उपयोग नाही. आणि काहींचं आत सगळं व्यवस्थित चाललेलं असतं, फक्त बाहेर यायची वाट बंद. वीर्यात एकही शुक्राणू नसणं हे शंभरात साधारण एका पुरुषात आढळतं, आणि त्याचं कारण वाट बंद असणं की आत तयारच न होणं, यावर सगळी ट्रीटमेंट अवलंबून. वीर्यात काही नाही म्हणजे सगळं संपलं, असं नाही.

कारण शोधायला रक्ताच्या तपासण्या. मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी एफएसएच नावाचा संदेश खाली धाडते. वृषण काम करेनासं झालं की ती आणखी मोठ्यानं ओरडते, एफएसएच वाढतं. संदेशच कमी असेल तर वृषणाचा दोष नाही, ती कमतरता इंजेक्शनांनी भरून काढता येते, वेळ लागतो पण शुक्राणू येऊ शकतात. माझं एफएसएच मर्यादेत होतं, टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोनही. काउंट ५ मिलियनच्या खाली असता तर गुणसूत्रांची तपासणीही करावी लागली असती. काही पुरुषांत एक एक्स गुणसूत्र जास्त असतं, क्लाइनफेल्टर म्हणतात, साधारण सहाशे पुरुषांत एक, आणि कित्येकांना ते मूल होत नाही म्हणून तपासल्यावरच कळतं. काहींच्या वाय गुणसूत्राचा बारीक तुकडा गायब असतो. त्याचे ए, बी, सी असे भाग. सी भाग गेला असेल तर वृषणातून शस्त्रक्रियेनं शुक्राणू मिळायची आशा असते, ए किंवा बी पूर्ण गेला असेल तर नाही. म्हणून ऑपरेशनच्या आधी ही तपासणी करणारा डॉक्टर शहाणा. उगाच चिरून बघण्यात काय हशील?

मग फवारणीची चौकशी. ती त्यांनी खोलात जाऊन केली, कारण त्यांच्याकडं येणारे निम्मे आमच्यासारखे. ब्लोअर कोण चालवतं, केबिन आहे का, औषध हातानं ढवळता का, फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत धुता का. मी थेट विचारलं की यामुळंच झालं का. तसं म्हणायला माझ्याकडं पुरावा नाही, म्हणाले, आणि व्हेरिकोसील समोर दिसतंय. पण एक गोष्ट सांगितली. १९७७ साली कॅलिफोर्नियात डीबीसीपी नावाचं सूत्रकृमीनाशक बनवणाऱ्या कारखान्यात कामगारांच्याच लक्षात आलं की त्यांच्यातल्या कुणालाच पोरं होत नाहीयेत. तपासलं तर कित्येकांचं काउंट शून्य किंवा नावापुरतं. तुमची औषधं ती नव्हेत, पण हातमोजे घालायला पैसे पडत नाहीत, म्हणाले. तेव्हापासून ब्लोअरवर मास्क आणि मोजे, आणि टाकीत औषध कालवायला काठी.

अंबड-सातपूरच्या कारखान्यांत भट्टीवर काम करणारे, वेल्डर, लांब पल्ल्याचे ड्रायव्हर यांनाही उष्णतेबद्दल असंच खोदून विचारतात, असं कंपाउंडर म्हणाला. तंबाखू सोडायला सांगितली, ती मी खात नाही. माझा मामेभाऊ मात्र जिमला जातो आणि बॉडीसाठी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतो, त्याच्यासाठी मी वेगळं विचारून घेतलं. बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिलं की वरून येणारे संदेश बंद होतात आणि शुक्राणूंचं काम थांबतं. बहुतेकांचं औषध सोडल्यावर पुन्हा सुरू होतं, पण महिनोन्महिने जातात. मर्दानगीसाठी घेतलेल्या इंजेक्शनानं काउंट शून्य. सीबीएस बसस्थानकाच्या आसपास 'गुप्तरोग, शंभर टक्के गॅरंटी' अशा चिठ्ठ्या चिकटवलेल्या असतात, त्यांच्या पुड्यांत काय असतं देव जाणे, पण डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं ते हेच की तसलं काही घेतलंय का.

आधीच्या दवाखान्यानं 'दोघांनी घ्या' म्हणून झिंक आणि फॉलिक अ‍ॅसिडची पाकिटं दिली होती, महिन्याला दोन हजारांच्या वर. या डॉक्टरांनी ती बाजूला सारली. २०२० साली अमेरिकेत २,३७० जोडप्यांवर झालेल्या चाचणीत झिंक-फॉलिकनं ना काउंट सुधारलं ना बाळंतपणं वाढली, असं म्हणाले. खाली त्यांच्याच इमारतीत मेडिकल असून त्यांनी आम्हाला एकही पाकीट लिहून दिलं नाही. पाचपैकी साडेचार उगाच नाहीत.

टेस्ट ट्यूब बेबीचा विभाग त्याच मजल्यावर आहे आणि आम्हाला तिकडं ढकलतील अशी मला भीती होती. डॉक्टरांनी पर्याय समोर ठेवले. इक्सीमध्ये एकच शुक्राणू उचलून सुईनं अंड्यात सोडतात. १९९२ पासून अशी बाळं जन्मतायत आणि माझ्यासारख्या काउंटला ते करता येईल. पण बायको अठ्ठावीसची आहे, तिच्या तपासण्या ठीक आहेत, व्हेरिकोसील हाताला लागण्याएवढं आहे, तर आधी त्याचं ऑपरेशन आणि सहा महिने वाट, हा मार्ग योग्य. बायकोचं वय अडतीस असतं तर मी वेगळं बोललो असतो, हेही सांगितलं. दहातल्या साधारण सहा-सात जणांचे आकडे ऑपरेशननं सुधारतात, सगळ्यांचे नाही, आणि सुधारले म्हणजे दिवस जातीलच असं नाही. असं बोलणारा डॉक्टर मला आवडतो. माझ्या सासऱ्यांना आवडला नाही, त्यांना गॅरंटी हवी होती.

ऑपरेशन माल उतरल्यावर केलं. जांघेत छोटा छेद, सूक्ष्मदर्शकाखाली फुगलेल्या शिरा तेवढ्या बांधायच्या, धमनी आणि लसवाहिन्या सोडायच्या. तशा सोडल्या की नंतर वृषणाभोवती पाणी साचायचा धोका कमी, म्हणून सूक्ष्मदर्शकाचा आग्रह. दुसऱ्या दिवशी घरी. जड उचलायला काही आठवडे मनाई होती, ती पाळली. खर्च पन्नास हजारांच्या वर गेला. मेडिक्लेमवाल्यांनी वंध्यत्व हा शब्द वाचल्याबरोबर हात वर केले. तुमच्या पॉलिसीत काय लिहिलंय ते आधीच बघा.

तीन महिन्यांनी सॅम्पल दिलं: काउंट ११ मिलियन, पुढं जाणारी हालचाल २४ टक्के, नीट आकाराचे २. अजून मर्यादेच्या खालीच, पण वाटचाल दिसते. सहा महिन्यांचं बाकी आहे. दिवस अजून गेलेले नाहीत. गेले की पाचवा तारा देईन, असं करणाऱ्यांतला मी नाही. डॉक्टरांच्या हातात जेवढं होतं तेवढं त्यांनी केलंय.

आता तक्रारी. रिसेप्शनवरची मुलगी भर वेटिंगमध्ये "सीमेनवाले कोण आहेत?" असं ओरडते. पहिल्यांदा चौघे एकदम खिशातल्या मोबाईलकडं बघायला लागले. टोकन नंबर आहेत, ते पुकारायला काय होतं? डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी मान हलवली, पुढच्या वेळी तीच आरोळी. वेळ साडेदहाची दिली तर नंबर बारानंतर लागतो. रिपोर्ट पूर्ण इंग्रजीत, समजावतात नीट, पण घरी जाऊन आईला काय वाचून दाखवायचं? खोलीच्या भिंतीवर मराठी येते तर कागदावर का येत नाही? गाडी रस्त्यावर लावावी लागते आणि टोइंगवाले त्या गल्लीत ठरावीक वेळेला येतात. आणि पुरुषांच्या तपासणीसाठी वेगळी वेळ ठेवा, असं माझं म्हणणं आहे. गर्भवती बाया आणि नुकत्याच हादरलेल्या बाप्यांना एकाच बाकड्यावर बसवण्यात दोघांचीही गैरसोय.

फी विचारणाऱ्यांसाठी: माझ्या वेळी वीर्यतपासणी ८०० रुपये, डॉक्टरांची फी ७००, हार्मोनचे आणि डॉपलरचे वेगळे. शुक्राणूंच्या डीएनएची एक महागडी तपासणी असते, ती त्यांनी आम्हाला सध्या गरज नाही म्हणून करायला लावली नाही. टेस्ट ट्यूब बेबी वगैरे उपचारांच्या २०२१ च्या कायद्यानुसार अशा क्लिनिकला नोंदणी लागते, तिचं प्रमाणपत्र काउंटरमागं लावलेलं आहे. तुम्ही जिथं जाल तिथं ते बघा, दिसलं नाही तर मागा. जाताना दोघांचे आधार कार्ड आणि लग्नाचा दाखला घेऊन जा. तपासणीला लागत नाही, पण पुढं इक्सीपर्यंत बोलणी गेली तर आमच्याकडं पहिल्यांदा तेच मागितलं, आणि ग्रामपंचायतीचा दाखला मिळवण्यात आमचा आठवडा गेला. जुने रिपोर्टही सगळे न्या, एका ओळीचा असला तरी.